४२९४९६७२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या मला मोठ्यानं म्हणायला आवडते. म्हणताना 'एकोणतीस' आणि 'एकोणपन्नास' या दोन ठिकाणी मी जरा रेंगाळतो. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. आपल्या भाषेत त्याचं नाव घेताना शेजाऱ्याचं नावही घ्यावंच लागतं. या संख्येची ओळखही शेजाऱ्यापासूनच सुरू होते, फक्त ती शेजाऱ्यापेक्षा एकनं जास्त आहे.

तो शेजारी म्हणजे ४२९४९६७२९६. एकापासून निघून बत्तीस वेळा दुप्पट करत गेलं की तो येतो. माझी त्याच्याशी गाठ कामाच्या निमित्तानं पडली. मी लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये मोजणीसाठी बत्तीस बिटांचा, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या बत्तीस जागांचा काउंटर होता. रात्रभर तो वाढत राहिला, आणि सकाळी पाहिलं तर त्यात अगदीच लहान आकडा. बत्तीस बिटांत शून्यापासून ४२९४९६७२९५ पर्यंतच मोजता येतं; त्यात आणखी एक मिळवला की पुन्हा शून्य. चूक लगेच सापडली, दुरुस्तही झाली. पण ती समजून घेताना मी कागदावर तीन आकडे एकाखाली एक लिहिले होते: शेवटी ९५ असलेला, ९६ असलेला आणि ९७ असलेला. तिसऱ्याची त्या कामात काहीच गरज नव्हती. हात ओघात चालत राहिला म्हणून तो लिहिला गेला. त्या तिसऱ्या आकड्यानं नंतर माझ्या कितीतरी संध्याकाळी घेतल्या.

त्याची घडण अगदी साधी आहे. २ घ्या आणि वर्ग करत चला: २ चा ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५५३६, आणि ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. आता प्रत्येकात एक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग आपली संख्या. यातल्या पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे त्या स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानंही भागल्या जात नाहीत. सहावीही तशीच असणार, असं कुणालाही वाटेल. ती दिसतेही तशी. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११, १३, १७, १९... ओळीनं भागत जा, प्रत्येक वेळी बाकी उरते.

प्येर द फर्मालाही तसंच वाटलं. तुलूझच्या न्यायालयात काम करणारा हा माणूस गणित फावल्या वेळात करायचा आणि ते पत्रांतून मित्रांना कळवायचा. १६४० साली फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही यादी दिली आणि हे सगळे आकडे मूळ आहेत याची आपल्याला जवळजवळ खात्री आहे, असं सांगितलं. नेमकी सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. मात्र कितीतरी भाजक आपण निःसंशय बाद केले आहेत, असं तो म्हणाला.

या प्रसंगापाशी मी वारंवार परत येतो, कारण त्याच १६४० साली त्याच फर्मानं याहून मोठी एक संख्या तोडून दाखवली होती. एकापासून निघून सदतीस वेळा दुप्पट करून एक वजा केला की १३७४३८९५३४७१ येते. आपल्या संख्येच्या ती जवळपास बत्तीस पट. तिचा २२३ हा भाजक फर्मानं शोधला, आणि तोही चाचपडत नव्हे. अशा संख्येचा कुठलाही मूळ भाजक ३७ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असलाच पाहिजे, हे त्याला ठाऊक होतं. तो विषमही असणार, म्हणून ७४ च्या पटीत एक मिळवायचा: ७५, १४९, २२३. पंचाहत्तर मूळ नाही. एकशे एकोणपन्नासनं भाग जात नाही. दोनशे तेवीसनं जातो. दोन भागाकारांत काम संपलं.

हीच किल्ली आपल्या संख्येलाही लागते. कशी, ते सांगतो, कारण या साऱ्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे.

समजा, एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. तिला आपण नुसतं 'भाजक' म्हणू. आता १, २, ४, ८, १६ अशी दुपटीची वाट धरा. मोठाले आकडे सांभाळायची गरज नाही. प्रत्येक पावलावर या भाजकानं भागून उरणारी बाकी तेवढी धरून ठेवा. बत्तिसाव्या पावलावर आपण ४२९४९६७२९६ वर असू. त्यात एक मिळवला की भाग पूर्ण जातो, म्हणजे इथली बाकी 'उणे एक' आहे. आणखी बत्तीस पावलं चाललो की उणे एकाला उणे एकानं गुणल्यासारखं होतं, आणि बाकी येते एक. जिथून निघालो तिथंच परत. म्हणजे हे बाक्यांचं चक्र चौसष्ट पावलांचं. याहून लहान असतं, तर ते चौसष्टला भागणारं, म्हणजे ३२ किंवा त्याहून कमी पावलांचं असतं, आणि मग बत्तिसाव्या पावलावर उणे एक नव्हे, एक आला असता.

फर्माचा स्वतःचाच सिद्धान्त सांगतो की मूळ भाजक धरून चाललं, तर भाजकापेक्षा एकनं कमी इतक्या पावलांनी बाकी पुन्हा एकवर येतेच. तेव्हा या पावलांत चौसष्टाचं चक्र पूर्ण पूर्ण बसायला हवं. याचाच अर्थ, भाजक ६४ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असायला हवा.

एवढ्यानं चाळण किती बारीक झाली पाहा. आपल्या संख्येचं वर्गमूळ ६५५३६ च्या घरात आहे. आंधळेपणानं शोधायचं तर तिथपर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या एकेक करून तपासाव्या लागतील. आता मात्र यादी अशी: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त पाच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला संख्या तुटते.

फर्मानं हे भागाकार केले नाहीत, की करताना कुठंतरी हिशेब चुकला, याचा अंदाज बांधायला मला आवडत नाही. पण १६४० पासून १६६५ मध्ये मरेपर्यंतची पंचवीस वर्षं, हातात किल्ली असलेला माणूस आणि पाच भागाकार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिल्या पाचांनी दिलेला विश्वास फार जड असतो. शंका असती तर त्यानं पेन उचललं असतं.

पेन उचललं ऑयलर या स्विस गणितज्ञानं. १ डिसेंबर १७२९ च्या पत्राच्या शेवटी गोल्डबाख या गणितज्ञानं त्याला सहज विचारलं होतं की फर्माचं हे म्हणणं तुम्हाला माहीत आहे का. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. सुरुवातीला त्यानं फारसा रस दाखवला नाही. गोल्डबाखनं विषय लावून धरला. १७३२ मध्ये ऑयलरनं ६४१ हा भाजक जाहीर केला. अंकांच्या शास्त्राकडे तो वळला त्यात या ताजा कलमाचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं, आणि म्हणून गोल्डबाखबद्दल मनात कृतज्ञता आहे.

पुढं १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं चाळण आणखी बारीक केली: ६४ नव्हे, १२८ च्या पटीपेक्षा एकनं जास्त. मग यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच. त्यात मूळ दोनच, २५७ आणि ६४१. आणि २५७ तर याच कुळातली. पहिल्या पाचांचा गुणाकार करा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. उत्तर येतं ४२९४९६७२९५, काउंटरमधली ती शेवटची संख्या, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोननं कमी. २५७ नं या गुणाकाराला भाग जातो, तेव्हा आपल्या संख्येला भागताना २५७ ला दोन उरणारच. याचा अर्थ २५७ तपासायचीही गरज नाही. पहिला खरा भागाकार ६४१ चाच, आणि पहिल्याच घावाला दोन तुकडे.

तो भागाकार मी पेन्सिलीनं केला, शाळेत शिकवतात तसा, वरून एकेक अंक खाली उतरवत. चौकटींच्या वहीत, एका चौकटीत एक अंक. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६, उरले ४४८. नऊ खाली घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, उरले २. सहा खाली, २६, भाग जात नाही, वर शून्य. सात खाली, २६७, पुन्हा शून्य. दोन खाली, २६७२, चार वेळा २५६४, उरले १०८. नऊ खाली, १०८९, एकदा ६४१, आणि उरले ४४८.

इथं पेन्सिल थांबली. ४४८ तर पहिल्याच ओळीत आले होते. तेव्हा पुढचा अंक नऊ होता, ४४८९ झाले आणि दोन उरले. आता उतरायचा शेवटचा अंक सात. ४४८७. सात वेळा ६४१ म्हणजे ४४८७. बाकी शून्य.

भागाकार ६७००४१७.

पहिल्या ओळीत ज्या आकड्यापाशी दोननं चुकामूक झाली, शेवटच्या ओळीत त्याच आकड्याशी नेमकी भेट झाली. यात कुठला सिद्धान्त नाही, हे मला माहीत आहे. दशमान लिखाणात असं घडतं. तरी ते पान मी फाडलं नाही, अजून वहीत आहे.

झेरा कोलबर्न नावाच्या अमेरिकन मुलानं हे सगळं तोंडी सांगितल्याची नोंद आहे. त्याचा जन्म १८०४ चा. १८१२ च्या सुमारास वडील त्याला लंडनला घेऊन गेले, आणि तिथं लोकांनी विचारलेल्या आकड्यांत ही संख्याही होती. सात-आठ वर्षांच्या पोरानं ६४१ आणि ६७००४१७ हे अवयव सांगितले. लहान भाजकापासून वर चढत गेला असेल, तरी शंभराहून जास्त मूळ संख्या डोक्यात तपासाव्या लागल्या असतील. अशा मुलांची हकिकत वाचताना मला त्यांच्या कौतुकापेक्षा त्यांच्या एकटेपणाचा विचार जास्त येतो. समोरच्या मोठ्या माणसांना उत्तर हवं होतं. ते आकडे त्याच्या आत कसे दिसत होते, हे त्यातल्या किती जणांनी विचारलं असेल?

आता ६४१ कडेच वळू. भागाकारातून ते 'सापडलं' म्हटलं तर जणू अपघातानं हाती लागल्यासारखं वाटतं. तसं नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. ही दोन रूपं शेजारी शेजारी ठेवली की भागाकार न करताच संख्या तुटते. दुसऱ्या रूपावरून १६ म्हणजे ६४१ वजा ६२५. बत्तीस दुपटींपैकी चार या १६ मध्ये आल्या, उरल्या अठ्ठावीस, म्हणजे १२८ चा चौथा घात. त्यानं दोन्ही बाजू गुणल्या की ४२९४९६७२९६ म्हणजे ६४१ ची एक पट, वजा ५ × १२८ चा चौथा घात. पण ५ × १२८ म्हणजे ६४०, म्हणजे ६४१ ला एक कमी. ६४१ नं भागलं तर ६४० ची बाकी उणे एक, आणि तिच्या चौथ्या घाताची बाकी एक. तेव्हा ४२९४९६७२९६ ची बाकी उणे एक. एक मिळवा, बाकी शून्य.

ज्याला एवढंही लांब वाटतं त्याच्यासाठी आणखी जवळची वाट आहे. ६५५३६ ला ६४१ नं भागा, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३७१६, अधिक एक २३७१७. आणि २३७१७ म्हणजे ६४१ × ३७. झालं. दहा अंकी संख्येचा निकाल पाच अंकांत लागला.

गंमत अशी की ही १५४ बाकी आणखी एका ठिकाणी भेटते. दहा कोटींना, म्हणजे एकावर आठ शून्यांना ६४१ नं भागलं तरी १५४ च उरतात. म्हणून तोच हिशेब तिथंही लागू पडतो: एकावर सोळा शून्यं आणि त्यात एक मिळवलेली १०००००००००००००००१ ही संख्याही ६४१ नं निःशेष भागली जाते. त्याचाच परिणाम म्हणून १ ला ६४१ नं भागलं की दशांश चिन्हापुढं बत्तीस अंकांचं आवर्तन येतं: ००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९. याचे सोळा-सोळा अंकांचे दोन तुकडे करून बेरीज करा. सोळाच्या सोळा नऊ.

६७००४१७ कडे फार कुणी पाहत नाही. सगळा मान ६४१ ला मिळतो आणि दुसरा तुकडा 'उरलेला' म्हणून राहतो. पण तो मूळ आहे का, हे कोण सांगणार? तीच चाळण इथंही चालते, कारण त्याचा कुठलाही भाजक आपल्या संख्येचाही भाजक असणार. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. १२८ च्या पटीत एक मिळवत तिथपर्यंत गेलं तर, २५७ सोडून, मूळ संख्या चारच भेटतात: ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या उरतात ४४, १२०, ३३४, ६२२. शून्य कुठंच नाही. चार भागाकारांत सदुसष्ट लाखांची संख्या मूळ ठरली. मी ते चारही केले. चहा निवायच्या आत होतात.

यानंतर जे सापडलं त्यानं माझं या संख्येकडे बघणंच बदललं. ती आधीच दोन वर्गांची बेरीज आहे, ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात फर्मानं मेर्सेनला कळवलं होतं की चारच्या पटीपेक्षा एकनं जास्त असलेली प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. आणि अशी बेरीज एकाच रीतीनं होते. तेव्हा आपली संख्या मूळ असती तर ६५५३६ आणि १ ही तिची एकमेव जोडी असती. ती मूळ नाही, म्हणजे दुसरी जोडी कुठंतरी आहे.

ती शोधायला इ.स. ६२८ मधल्या ब्रह्मगुप्ताकडे जावं लागतं. दोन जोड्या तिरप्या गुणून तिसरी जोडी तयार करायची त्याची रीत आहे, आणि आपल्या जुन्या गणितात या कृतीचं नाव 'भावना'. बेरजेची एक भावना, वजाबाकीची एक. या नावापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो.

६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७००४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. आता गुणाकार करा.

२५ × २५५६ = ६३९००
४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५
४ × २५५६ = १०२२४

पहिल्या दोघांची बेरीज ६५५३६. दुसऱ्या दोघांचा फरक १. ही आपली ओळखीची जोडी. आता चिन्हं उलटी करा: पहिल्या दोघांचा फरक ६२२६४, दुसऱ्या दोघांची बेरीज २०४४९. ही दुसरी जोडी. म्हणजे ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग यांची बेरीजही तीच: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७. आणि २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग निघतो.

मी मात्र अडकलो १०२२५ आणि १०२२४ पाशी. या संख्येच्या व्याख्येतला तो 'अधिक एक', जो मी इतके दिवस वरून चिकटवलेला समजत होतो, तो इथं आतून येतो. दोन तुकड्यांच्या पोटातले आकडे तिरपे गुणले की ते जेमतेम एकानं हुकतात. ते हुकणं म्हणजेच हा एक. चार आकड्यांपैकी एकही जरा इकडेतिकडे असता तर हे जमलं नसतं. त्या रात्री मी हे चार गुणाकार पुन्हा पुन्हा लिहिले. तपासायचे म्हणून नव्हे.

मूळ संख्यांचं कौतुक खूप होतं, आणि ते योग्यच आहे. पण मूळ संख्येबद्दल सांगण्यासारखं बरंचसं नकारातच असतं: यानं भाग जात नाही, त्यानं जात नाही. तुटलेल्या संख्येला आतली खोली असते. फर्माचं म्हणणं खरं ठरलं असतं, तर २५ आणि ४, २५५६ आणि ४०९ ही मंडळी कुणाला भेटलीच नसती.

ती फसवते कशी, हेही थोडक्यात सांगायला हवं. मूळपणाची एक जुनी चाचणी फर्माच्याच सिद्धान्तावरून निघते: तपासायच्या संख्येपेक्षा एकनं कमी इतकी पावलं दुपटीच्या वाटेवर चाला, बाकी एक आली नाही तर संख्या मूळ नाही. आपल्या संख्येला ही पावलं म्हणजे ४२९४९६७२९६, आणि चक्र चौसष्टाचं. चौसष्टानं त्याला पूर्ण भाग जातो, तेव्हा बाकी एकच येणार. चाचणी उत्तीर्ण, आणि संख्या तरी तुटकी. दुपटीऐवजी तिपटीनं चाललं तर ती पकडली जाते. १८७७ मध्ये पेपँ या फ्रेंच गणितज्ञानं या कुळासाठी अशाच वाटेची पक्की कसोटी दिली; तिपटीनंही ती चालते.

शेजाऱ्यांबद्दल दोन गोष्टी. ३० मार्च १७९६ रोजी, एकोणिसावं वर्ष पुरं व्हायच्या आधीच, गाउसनं सतरा बाजूंची सुसम आकृती नुसत्या पट्टीनं आणि कंपासनं काढता येते हे दाखवलं. विषम बाजूंच्या ज्या आकृत्या अशा काढता येतात त्यांच्या बाजूंची संख्या म्हणजे या कुळातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. माहीत असलेल्या मूळ संख्या पाचच. त्यांतून अशा एकतीस आकृत्या होतात आणि सगळ्यांत मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची. माझ्या काउंटरमधला तो शेवटचा आकडा. त्याच्यापुढं दोन पावलांवरची आपली संख्या मात्र तुटकी, म्हणून तेवढ्या बाजूंची आकृती पट्टी-कंपासनं कधीच निघणार नाही.

दुसरी गोष्ट बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची. पहिल्या घरात एक, पुढं प्रत्येक घरात दुप्पट, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या बत्तीस घरांतले दाणे मिळून ४२९४९६७२९५. आणि अख्ख्या पटावरचे? त्याच्या बरोबर ४२९४९६७२९७ पट. अर्धा पट आणि पूर्ण पट यांच्यातलं गुणोत्तर म्हणजेच ही संख्या. राजाचं कोठार रिकामं करणाऱ्या त्या हिशेबात ६४१ ही लपलेलं असतं.

हिच्यानंतर या कुळात एकही मूळ संख्या सापडलेली नाही. पुढची १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही लाँद्रीनं १८८० मध्ये तोडली, तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्यापुढचीसाठी १९७० आणि संगणक लागला. २ चा वर्ग लागोपाठ वीस किंवा चोवीस वेळा करून एक मिळवला की येणाऱ्या संख्या मूळ नाहीत हे पक्कं ठाऊक आहे, पण त्यांचा एकही भाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. तेहतीस वेळा वर्ग केल्यावर येणारीचा तर मूळ की नाही हाही निकाल बाकी आहे.

लाँद्रीची संख्या मी सध्या पेन्सिलीनं घेतली आहे. तिथं चाळण २५६ च्या पटीत एक मिळवायची आहे. उत्तर मला माहीत आहे: १०७१ वी पट, २७४१७७. तरी खालून एकेक करत चाललो आहे. ७६९ ला बाकी ३६२ उरली. ३३२९ ला २९८९. काल रात्री ७६८१ झाला, तिसावी पट. बाकी ५५६५.